अर्ध्या तासात हर्निया काढून देणाऱ्या सर्जनसाहेबांस

आदरणीय सर्जनसाहेब,



नव्या फ्लेक्सबद्दल प्रथम अभिनंदन. एस.टी. स्टँडसमोरच्या चौकात, एका बाजूला भावी नगरसेवकांचा वाढदिवस आणि दुसऱ्या बाजूला क्लासची गुणवंत मुलं, यांच्या मधोमध आपला हसरा फोटो शोभून दिसतो. ‘हर्नियापासून कायमची मुक्ती. अर्ध्या तासात ऑपरेशन, संध्याकाळी घरी. कॅशलेस सुविधा उपलब्ध.’ वाचून माझ्यासारख्या धडधाकट बाईलाही आपल्याला हर्निया नाही याची क्षणभर हळहळ वाटली.

मला आपण ओळखता. तालुक्यातल्या नर्सिंग होमना भूल देत फिरणारी मी; बॅग डिकीत, फोन कायम चालू. आपला फोन आला की वाक्य ठरलेलं असतं : ‘मॅडम, चिल्लर केस आहे, बेंबीचा हर्निया. पेशंट टेबलावर घेतलाय, या लवकर.’ पेशंट आधी टेबलावर आणि मग भूलतज्ज्ञ दारात, हा क्रम आपण कुठल्या पुस्तकातून घेतलात ते एकदा विचारायचं आहे. आणि चिल्लर नक्की कोण, केस की मी, हेही.

हे सगळं चहा पिताना सांगता आलं असतं. सांगितलंही. आपण चहा संपवलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, कारण या वर्णनाचे सर्जन प्रत्येक तालुक्यात निघतील, आणि प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजलं तर माझा टपालखर्च वाचेल.

गेल्या पावसाळ्यातले ते गृहस्थ आपल्याला आठवत नसतील. आपलं लक्ष चेहऱ्यापेक्षा बेंबीकडे असतं, आणि त्यांची बेंबी होतीच लक्षवेधी : बाहेर आलेली, वरची कातडी ताणून पातळ आणि चकचकीत झालेली. पोट मोठं, हातपाय मात्र काटक्या. आपण केसपेपरवर ‘स्थूल’ असं लिहिलंत. डोळ्यांत पिवळी झाक, तळहात लालबुंद, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक शिरा आणि बेंबीभोवती निळ्या शिरांचं जाळं. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायको मला सांगत होत्या की हे रात्रभर टक्क जागे असतात, दिवसा जेवता जेवता पेंगतात, आणि परवा तर स्वतःच्या दुकानाचं कुलूप कसं उघडायचं ते सुचेना. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं. पंजे फडफडले. आपण म्हणालात, ‘घाबरलाय बिचारा.’

बिचारा घाबरलेला नव्हता. आतड्यांतून येणारं रक्त साफ करायचं काम त्याच्या यकृताने जवळजवळ सोडून दिलं होतं आणि त्यातला अमोनियासारखा कचरा थेट मेंदूकडे चालला होता. झोपेचं दिवसरात्र उलटणं ही त्याची पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या बेशुद्धीपर्यंत जातात. हे निदान करायला यंत्र लागत नाही, बायकोचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण ओपीडीत पेशंटच्या बायकोला बाहेर बसवायची आपली शिस्त कडक.

मी फाइल मागितली. साखर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, छातीचा एक्सरे आणि ईसीजी एवढं होतं. कॅशलेसच्या खिडकीने तेवढंच मागितलं होतं म्हणे. बिलिरुबिन नाही, अल्ब्युमिन नाही, रक्त गोठण्याची तपासणी नाही, पोटाची सोनोग्राफीसुद्धा नाही. मी भूल द्यायला नकार दिला. त्यावर आपण जे बोललात ते ओटीच्या दारावर कोरून लावावं : ‘ठीक आहे मॅडम, मग लोकलमध्ये करतो.’ जणू धोका माझ्या बॅगेतून येतो, आणि मी निघाले की तोही डिकीत बसून जातो.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. फ्लेक्सवरचं वचन आपण तंतोतंत पाळलंत. संध्याकाळी घरी सोडायचं तेवढं राहिलं, कारण संध्याकाळी ड्रेसिंग ओलं झालं. बदललं, पुन्हा ओलं. रात्रीपर्यंत चादर ओली. सिस्टरने पिवळसर पाणी दाखवलं तेव्हा आपण फोनवरून जादा टाके घालायला सांगितलंत.

ते पाणी कुठून येत होतं हे आपल्याला ठाऊक असणारच, एम.एस.च्या परीक्षेत विचारतात. पण पत्र चारचौघांत आहे, तर चौघांसाठी सांगते. दारू असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, मधुमेहाच्या जोडीने यकृतात साठलेली चरबी असो, वर्षानुवर्षं सूज राहिली की यकृतात व्रणासारख्या गाठी होतात, ते आक्रसतं, कडक होतं. याला सिरॉसिस म्हणायचं. आतड्यांकडचं सगळं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरायचं असतं. वाट अडली की त्या शिरेतला दाब चढतो. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तातलं अल्ब्युमिन यकृतच बनवत असतं, तेही घटतं. मग पोटात पाणी साठत जातं, आपल्या आज्यांना जलोदर या नावाने ठाऊक असलेलं. पाचसात लिटर तर सहज. गर्भात असताना आईकडून रक्त आणणारी बेंबीची शीर जन्मानंतर बंद होते, तीही या दाबाने पुन्हा उघडू शकते आणि बेंबीचं भोक आतून रुंद करते. त्यात पोटाचे स्नायू झिजलेले. एवढं सगळं झाल्यावर हर्निया झाला नाही तरच नवल. सिरॉसिसच्या दर पाच पेशंटमागे साधारण एकाला बेंबीचा हर्निया होतो. पाणी फार असेल त्यांच्यात प्रमाण आणखी चढतं.

आपण त्यांच्या पोटाची भिंत शिवलीत आणि आतलं पाणी तसंच ठेवलंत. गच्चीवरची टाकी भरून वाहतेय आणि आपण खालच्या खोलीतल्या ओल्या भिंतीला रंग काढताय, तेही उत्तम कंपनीचा रंग. हर्नियावर बसवलेली आपली जाळी खरोखर उत्तम कंपनीची होती, बिलात तिचं नाव ठळक होतं. पण टाक्यांवर आतून सतत दाब असला की ते धरत नाहीत. पाणी जखमेतून झिरपतं, त्याच वाटेने जंतू आत जातात, जाळी नासते आणि पोटातल्या पाण्याला संसर्ग होतो. सिरॉसिसमध्ये त्या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिनंच कमी असतात, म्हणून हा संसर्ग झपाट्याने पसरतो. ताप आला नाही तरी पेशंट सुस्तावतो, लघवी कमी होते. पाण्याचा नमुना काढून त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी मोजल्या की कळतं. दर घनमिलिमीटरला 250 च्या वर गेल्या की वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. आपण नमुना काढला नाहीत. जादा टाके मात्र सुबक होते.

दुसऱ्या दिवशी ‘थोडं दुखतंय’ म्हणाले म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. ते आपल्याकडे तीर्थासारखं सगळ्यांना मिळतं, हे मान्य. पण सिरॉसिसच्या पेशंटची मूत्रपिंडं मुळातच कशीबशी तग धरून असतात. त्यांच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी जी रसायनं असतात, नेमकी तीच हे इंजेक्शन बंद करतं. वर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर रक्तस्रावाला आमंत्रण. गंमत अशी की ज्या पॅरॅसिटामॉलचं नाव ऐकून लोक ‘लिव्हरला वाईट’ म्हणून दचकतात, ते दिवसाला 2 ग्रॅमच्या आत दिलं तर या पेशंटसाठी त्याहून पुष्कळ सुरक्षित. एवढं साधं औषध लिहायला आपल्याला कमीपणा वाटला असावा.

लघवी कमी झाली, म्हणून सलाइन. बाटलीमागून बाटली. साहेब, नॉर्मल सलाइनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं. पोटात पाणी झालेल्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून 5 ग्रॅमच्या आसपास मीठ चालतं. त्यांच्या बायकोने सहा महिने घरातलं लोणचं, पापड, खारवलेली मिरची कुलपात ठेवली होती, आणि आपण दोन दिवसांत त्या माउलीच्या सगळ्या पथ्याचं उट्टं नळीवाटे काढलंत. झोप लागत नाही म्हणून मिडाझोलॅम दिलंत. त्यातून ते उठलेच नाहीत नीट, कारण ते औषध शरीराबाहेर घालवायचं कामही यकृताचंच. आणि इतक्या सगळ्यात त्यांना दोन दिवस शौचाला झालं नाही, हे कोणी लिहूनही ठेवलं नव्हतं. या आजारात बद्धकोष्ठ म्हणजे मेंदूकडे जादा अमोनिया. लॅक्टुलोजच्या साध्या बाटलीने जे होतं ते आयसीयूच्या पलंगाने होत नाही.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. त्या वेळी ‘चिल्लर’ म्हणाला नाहीत. डोळे हळदीसारखे पिवळे, श्वास लागलेला, हाक मारली तर नुसतं पुटपुटणं. आपल्याच अँब्युलन्समधून त्यांना शहरात पाठवलं. त्यांच्या बायकोने निघताना आपल्याला विचारलं होतं, ‘बेंबीचं ऑपरेशन केलं, मग कावीळ कशी झाली?’ आपण म्हणालात, ‘हाय रिस्कची सही घेतलीय.’ प्रश्न आणि उत्तर यांचा इतका कमी संबंध मी विधानसभेच्या थेट प्रक्षेपणातही पाहिलेला नाही. ते परत आले नाहीत.

त्या सहीबद्दल थोडं. छापील कागद, चार रिकाम्या जागा, खाली ‘सर्व धोके मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहेत’. कोणते धोके सांगितले? हर्निया परत होऊ शकतो, असं. तेवढं खरं. पण यकृत निकामी होऊ शकतं, मूत्रपिंड बंद पडू शकतं, जखम महिनाभर गळू शकते, शुद्ध हरपू शकते, यातलं काही सांगितलं होतं? आपल्यालाच ठाऊक नव्हतं तर सांगणार कसं, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. कारण ते ठाऊक करून घ्यायची सोय 1964 पासून उपलब्ध आहे.

त्या वर्षी चाइल्ड आणि टर्कॉट या दोन अमेरिकी सर्जननी, म्हणजे आपल्याच जातकुळीच्या माणसांनी, यकृताच्या पेशंटचे तीन वर्ग पाडले, आणि 1973 मध्ये लंडनच्या पू यांनी त्यात सुधारणा केली. पाच गोष्टी बघायच्या : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज 5-6 आली तर ‘ए’, 7 ते 9 ‘बी’, 10 पासून पुढे ‘सी’. तीन गोष्टी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतात, चौथी पोटावर टिचकी मारून किंवा सोनोग्राफीत कळते, पाचवी बायको सांगते. चौथीतल्या मुलाला जमेल अशी बेरीज आहे. पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर किती पेशंट दगावले याची 1984 आणि 1997 मध्ये अमेरिकेत मोजदाद झाली : ‘ए’ वर्गात शंभरात 10, ‘बी’ मध्ये 30 च्या आसपास, ‘सी’ मध्ये 76 आणि 82. त्यात सगळ्या तऱ्हेची पोटाची ऑपरेशनं होती, बरीचशी तातडीची होती, आणि आज तयारी करून केलेल्या हर्नियाचे आकडे यापेक्षा पुष्कळ बरे आहेत, हे मी आपल्या वतीने आधीच सांगून टाकते; नाहीतर आपण ते सांगायला म्हणून पहिल्यांदा एखादा शोधनिबंध वाचाल. तरी उतरंड तीच राहते. आपले गृहस्थ, मी दाराशी उभी राहून बोटांवर केलेल्या हिशोबात, ‘सी’ होते.

आता मेल्ड नावाचा दुसरा आकडाही आहे. मूळ सूत्रात तो बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, यांवरून निघतो. अमेरिकेत 2002 पासून यकृत कोणाला आधी द्यायचं ते त्यावर ठरतं. तो मोबाइलवर निघतो. आपल्या मोबाइलवर निघणाऱ्या इतर गोष्टी बघता जागेची अडचण नसावी.

‘पण तो पीत नव्हता हो,’ हे आपलं नंतरचं स्पष्टीकरण मला फार आवडलं. आपल्या ओपीडीत यकृताची तपासणी म्हणजे ‘पितोस का रे?’ एवढाच प्रश्न. उत्तर नाही आलं की यकृत उत्तम. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं मुकाट्याने राहतो, सी तर त्याहून मुकाट. 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण आपल्याकडून तिकडे पाठवलेला एकही पेशंट मला ठाऊक नाही. आणि श्रीखंड-पुरीवर पोसलेल्या, थेंबाला न शिवलेल्या माणसांची फॅटी लिव्हर कुठवर जाते, त्याकडे तर येणारच आहे.

कारण यानंतर आपण सुधारलात. असे सुधारलात की मला जुने आपणच बरे वाटायला लागले.

त्या गृहस्थांनंतर आपल्या नर्सिंग होममध्ये नवा नियम झाला : लिव्हरच्या पेशंटला हात लावायचा नाही. सोनोग्राफीत ‘पोटात पाणी’ एवढे दोन शब्द दिसले की फाइल परत. हिवाळ्यात त्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. मधुमेह जुना, आयुष्यात दारूचा वास नाही, यकृत चरबीने खराब झालेलं. पाणी होतं पण थोडं, गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखं. शुद्धीत, हिंडत्याफिरत्या, आपल्या पिशवीतून स्वतःचे रिपोर्ट तारीखवार लावून आणणाऱ्या. बेंबीच्या टोकावरची कातडी मात्र काळपट पडायला लागली होती. आपण त्यांना लांबूनच बघितलंत. ‘लिव्हर आहे ना? मग ऑपरेशन नाही करता येत. पट्टा बांधा.’ पट्टा कुठल्या दुकानात मिळतो तेही सांगितलंत, हा आपला सेवाभाव.

पट्ट्याने पाणी कमी होत नाही, फक्त दिसत नाही. काळी पडलेली कातडी पट्ट्याखाली घासली, जखम झाली, आणि एका रात्री खोकल्यासरशी बेंबी फुटली. फ्लड नावाच्या डॉक्टरांनी 1961 मध्ये अशा पेशंटची हकिकत लिहिली, तेव्हापासून या प्रकाराला त्यांचं नाव आहे. पोटातलं पाणी धारेने बाहेर येतं, कधी त्याबरोबर आतडं. त्यांच्या मुलाने घरातल्या टॉवेलनी पोट धरून त्यांना आपल्या दारात आणलं. आपण दारातूनच सरकारी मेडिकल कॉलेजचा रस्ता दाखवलात. तिथे रात्री दोनला ऑपरेशन झालं. बरेच दिवस आयसीयू, मग पोटात संसर्ग, मग मूत्रपिंडाचा त्रास. त्या वाचल्या, आणि त्याचं श्रेय त्या कॉलेजच्या निवासी डॉक्टरांचं, ज्यांना आपण एरवी ‘शिकाऊ पोरं’ म्हणता.

आता हिशोब मांडू. पहिल्या माणसाला ऑपरेशन नको होतं, तयारी हवी होती; त्याला आपण घाईने कापलंत. दुसऱ्या बाईंना तयारी करून ऑपरेशन हवं होतं; त्यांना आपण पट्टा दिलात. दोन्ही वेळा आपण नेमकं उलट केलंत, आणि दोन्ही वेळा आपल्याला विचारलं तर कारण एकच : ‘लिव्हर कुणी बघायचं?’ ठरवून, पाणी आटोक्यात आणून केलेलं ऑपरेशन आणि आतडं अडकल्यावर किंवा बेंबी फुटल्यावर रात्री केलेलं ऑपरेशन, यांतल्या मृत्यूच्या धोक्यात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून गेल्या काही वर्षांत जाणकार मंडळी ‘थांबू आणि बघू’ यापेक्षा ‘तयारी करू आणि ठरवून करू’ याकडे वळली आहेत, निदान ज्यांचं यकृत त्या लायकीचं आहे त्यांच्यासाठी. जांघेतल्या हर्नियाचं तसं नाही. तो त्रास देत नसेल तर बरेचदा बघत राहता येतं. बेंबीच्या बाबतीत कातडी पातळ होऊन रंग बदलायला लागली की बघत राहण्यासारखं फार काही उरत नाही.

तयारी म्हणजे काय, हे पुन्हा चारचौघांसाठी. आपण घड्याळाकडे बघितलंत तरी चालेल. जेवणातलं मीठ दिवसाला एका चमच्याच्या आत. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड, बहुधा 100 ला 40 या मापात, आणि रोज सकाळी वजनाचा काटा. प्रथिनं बंद करायची नाहीत, उलट भरपूर द्यायची. ‘लिव्हर आहे, डाळ-अंडं बंद’ हा सल्ला देऊन देऊन आपण आणि आपल्या पिढीने कितीतरी माणसांच्या अंगावरचं उरलंसुरलं मांस उतरवलं आहे. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणंही हवं, कारण या यकृताला रात्रभराचा उपासदेखील झेपत नाही. पाणी गोळ्यांना दाद देत नसेल तर सुईने काढायचं, आणि 5 लिटरच्या वर काढलं तर दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यायचं. नाहीतर रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडं बसतात. त्यातही एक मेख आहे : पोट एकदम रिकामं केलं तर बेंबीचं भोक आवळतं आणि बाहेर आलेलं आतडं त्यातच अडकू शकतं. म्हणजे पाणी काढायचं तेही सावकाश, आणि काढल्यावर बेंबीवर नजर ठेवून. त्यानेही भागत नसेल तर मानेतल्या शिरेतून यकृतात जाळीची नळी बसवून पोर्टल शिरेचा दाब उतरवता येतो. तिला टिप्स म्हणतात. मात्र तिच्याने गुंगी वाढू शकते, म्हणून ती सगळ्यांना चालत नाही. आणि ज्यांचं प्रत्यारोपण लवकरच व्हायचं आहे, त्यांचा हर्निया त्याच वेळी शिवता येतो. आपल्या देशात बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या यकृतावर होतात. म्हणजे बायको, मुलगा, बहीण आपल्या यकृताचा तुकडा द्यायला टेबलावर झोपते. त्या घराने हे सगळं ठरवलेलं असताना आपण मध्येच अर्ध्या तासाचं पॅकेज विकू नये, एवढंच.

आयएनआर वाढलेला दिसला म्हणून प्लाझ्माच्या चार पिशव्या चढवायची आपली नवी सवयही कानावर आली आहे. कोणीतरी आपल्याला सांगितलं की या पेशंटना रक्तस्राव होतो, आणि आपण लगेच उपाय सुरू केलात, कौतुक आहे. पण यकृत बिघडलं की रक्त गोठवणारे घटक घटतात तसे गोठू न देणारेही घटतात. तो आकडा रक्तस्रावाचं भाकीत फारसं करत नाही, आणि त्या चार पिशव्यांनी पोर्टल शिरेतला दाब मात्र वाढतो. म्हणजे ज्या शिरा फुटतील म्हणून भीती, त्याच आपण पैसे घेऊन फुगवतो. आणि बेंबीजवळ ती पुन्हा उघडलेली जाड शीर दिसली की ‘मोठी शीर लागली होती, मस्त बांधली’ असं सांगण्याआधी एकदा विचार करा. यकृताकडे अडलेलं रक्त तीच वाट धरून निघालेलं असतं. ती वाट बंद केल्यावर पोर्टल शिरेत गुठळी होऊन यकृत बसल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या वेटिंग रूममध्ये सुश्रुताचं मोठं चित्र आहे, खाली दिवा. ‘शस्त्रक्रियेचे जनक’ अशी पाटीही. चित्राला हार घालणाऱ्या कंपाउंडरला विचारा, सुश्रुतसंहितेत जलोदराबद्दल काय आहे. चिकित्सास्थानात नाभीखाली डावीकडे व्रीहिमुख शस्त्राने छिद्र करून नळीतून पाणी काढायची कृती दिली आहे, आणि सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, थोडं थोडं काढावं, असं बजावलंय. नंतर पोट आवळून बांधायचं आणि पुढे कित्येक महिने पथ्य. तेव्हा त्यांच्याकडे आयएनआर नव्हता, अल्ब्युमिन नव्हतं. कॅशलेसची खिडकीही नव्हती, म्हणून कदाचित घाई नसावी.

राहता राहिली माझी बाजू. आपल्याला वाटतं की भूल देणाऱ्या बाईने सुई टोचावी आणि मॉनिटरकडे बघत बसावं. बसतेच मी. पण यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून येतं आणि उरलेलं धमनीतून. सिरॉसिसमध्ये पहिली वाट आधीच अडलेली असते, आणि मी दिलेल्या भुलीने रक्तदाब उतरला की दुसरीही आटते. पाठीतून भूल द्यायची तर प्लेटलेट इतक्या कमी की मणक्यात रक्त साकळायची भीती. पूर्ण भूल द्यायची तर औषधं अंगात रेंगाळणार, ताणलेल्या पोटामुळे छाती वर दाबलेली, आणि पोटातलं अन्न घशात यायचा धोका. यातली प्रत्येक गोष्ट सांभाळता येते. फक्त आदल्या दिवशी कळायला हवं. टेबलावर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओटीच्या पांढऱ्या दिव्यात नीट दिसतही नाही.

फ्लेक्सच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती सुचवू का? ‘अर्ध्या तासात ऑपरेशन’ राहू द्या, ते खरंच आहे. त्याच्या वर, तितक्याच ठळक अक्षरांत, ‘त्याआधी सहा आठवडे तयारी’ असं टाका. फोटो थोडा लहान करावा लागेल.

कळावे, लोभ आहेच, वाढावा ही विनंती.

आपली,
भूलवाली मॅडम

ता. क. : गुरुवारच्या यादीत तिसरं नाव बेंबीच्या हर्नियाचं आहे, असं आपल्या सिस्टरकडून कळलं. त्यांचं बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन, प्लेटलेट, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि पोटाची सोनोग्राफी एवढं बुधवारी दुपारपर्यंत पाठवा. संध्याकाळी मी स्वतः येऊन त्यांना बघते. त्यांच्या बायकोलाही थांबवून घ्या. रात्रीच्या झोपेचं त्यांनाच विचारायचं आहे.